कावळा, फांदी आणि स्वादुपिंड : अँटिबायोटिकमुळे पॅन्क्रिॲटायटिस होतो का?

औषधाच्या खोक्यात एक चिठ्ठी असते. मुंगीएवढी अक्षरं, आठ-दहा घड्या. एरवी ती कुणी उघडत नाही. पण अँटिबायोटिक सुरू होऊन तीन दिवस झालेत, रात्री पोटात कळ आली आहे, अशा वेळी माणूस ती दिव्याखाली धरून वाचायला बसतो. मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ ही ओळखीची नावं मागे टाकत तो खाली येतो आणि 'पॅन्क्रिॲटायटिस', म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, या शब्दापाशी अडखळतो. शेजारी लिहिलेलं असतं 'अत्यंत दुर्मिळ', नाहीतर 'प्रमाण अज्ञात'. मग इंटरनेटवर शोध घेतला जातो आणि उरलीसुरली झोपही उडते.

यातून दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे चुकतात. एक जण घाबरून गोळ्या फेकून देतो आणि ज्या जंतुसंसर्गासाठी त्या दिल्या होत्या तो अर्धवट राहतो. दुसरा म्हणतो, 'अँटिबायोटिकने पोट बिघडतंच', आणि खरोखर गंभीर असलेली कळ दोन दिवस अंगावर काढतो. मला काळजी दोघांची वाटते, दुसऱ्याची थोडी जास्त.

स्वादुपिंड करतं काय?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून, साधारण १५ सेंटिमीटर लांबीची एक मऊ, चपटी ग्रंथी आडवी पडलेली असते. तेच स्वादुपिंड. डॉक्टर त्याला पॅन्क्रिआज म्हणतात. वजन जेमतेम १०० ग्रॅम. इन्शुलिन तिथं तयार होतं हे मधुमेहामुळे घरोघरी माहीत झालंय. पण त्या ग्रंथीचा फार मोठा भाग वेगळ्याच कामाला जुंपलेला असतो. ती रोज दीड-दोन लिटर पाचक रस तयार करते आणि एका नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीला नेऊन सोडते.

या रसात एन्झाइम असतात, म्हणजे अन्नाचे तुकडे करणारी रसायनं. अमायलेज पिष्टमय पदार्थ तोडतं, लायपेज स्निग्ध पदार्थ तोडतं आणि ट्रिप्सिन प्रथिनं तोडतं. इथे एक अडचण आहे. आपलं शरीरही प्रथिनांचंच बनलेलं आहे. मग प्रथिनं कापणारी सुरी बनवणारा कारखाना स्वतः कापला कसा जात नाही?

कारण ही सुरी म्यानात ठेवूनच तयार होते. स्वादुपिंडात ट्रिप्सिन बनत नाही, ट्रिप्सिनोजेन नावाचं त्याचं निष्क्रिय रूप बनतं. ते आतड्यात पोचल्यावर आतड्याच्या अस्तरावरचं दुसरं एक एन्झाइम त्याचं म्यान काढतं. मग मोकळं झालेलं ट्रिप्सिन बाकीच्या सुऱ्यांची म्यानं काढत सुटतं. चुकून एखादी सुरी कारखान्यातच उघडी पडली, तर तिला लगेच निष्प्रभ करणारी रसायनंही तिथं हजर असतात. बंदोबस्त पक्का आहे. म्हणूनच बहुतेकांना आयुष्यभर स्वादुपिंडाची आठवणही होत नाही.

कुंपणच शेत खातं तेव्हा

हा बंदोबस्त ढासळला की ट्रिप्सिन स्वादुपिंडाच्या पेशींमध्येच जागं होतं. ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. पेशी फुटतात, सूज येते, आजूबाजूची चरबी जळाल्यासारखी होते, आणि दाहाची रसायनं रक्तात मिसळली तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडंही अडचणीत येतात. ग्रंथी स्वतःला पचवते ही कल्पना हान्स किआरी या विकृतिशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडली. पुढे तपशिलाची बरीच भर पडली, तरी तिचा गाभा आजही टिकून आहे.

अचानक सुरू होणाऱ्या या दाहाला 'ॲक्यूट पॅन्क्रिॲटायटिस' म्हणतात. लेखात पुढे मी नुसतं 'स्वादुपिंडाचा दाह' म्हणेन. दहापैकी सुमारे आठ रुग्णांमध्ये तो सौम्य असतो आणि आठवड्याभरात निवळतो. उरलेल्यांमध्ये तो बळावू शकतो, आणि त्यातल्या काहींच्या जिवावर बेततं. दुष्परिणाम दुर्मिळ असूनही त्याला चिठ्ठीत जागा मिळते ती या काहींमुळे.

मोठी कारणं वेगळीच आहेत

औषधाकडे बोट दाखवण्याआधी रांगेत पुढे कोण उभं आहे ते पाहू. पहिल्या दोन जागा पित्ताशयातले खडे आणि मद्यपान यांच्या. या दोघांतच निम्म्याहून जास्त रुग्ण संपतात. खड्यांचा संबंध समजायला सोपा आहे. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात बहुधा एकाच तोंडाने उघडतात. पित्ताशयातून निसटलेला खडा त्या तोंडाशी अडकला की मागे दोन्ही नळ्या तुंबतात.

त्यानंतर रक्तातल्या ट्रायग्लिसराइड या चरबीची बेसुमार वाढ (डेसिलिटरमागे साधारण १००० मिलिग्रॅमच्या पुढे), रक्तात वाढलेलं कॅल्शियम, पोटाला मार, नळीत दुर्बीण घालून केलेली तपासणी, गालगुंडासारखे संसर्ग, नळीत शिरलेले जंत आणि काही घराण्यांत चालत आलेले जनुकीय दोष. एवढं सगळं तपासूनही बऱ्याच रुग्णांमध्ये कारण हाती लागत नाही.

औषधांचा वाटा बहुतेक अभ्यासांत दोन टक्क्यांहून कमी निघतो, काहींत पाच टक्क्यांपर्यंत जातो. त्यातही अँटिबायोटिक हा एक हिस्सा. अपस्माराचं व्हॅल्प्रोएट, प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन, रक्ताच्या कर्करोगातलं ॲस्पॅराजिनेज अशी इतर गटांतली नावं त्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याही पुढे आहेत.

कोणत्या अँटिबायोटिकवर संशय आहे?

सगळ्यांवर सारखा नाही. पुरावा सर्वांत भक्कम आहे तो मेट्रोनिडॅझोल, टेट्रासायक्लिन, सल्फामेथॉक्झाझोल (को-ट्रायमॉक्साझोल या जोडगोळीतलं सल्फा औषध) आणि क्षयरोगावरचं आयसोनियाझिड यांच्याविरुद्ध. एरिथ्रोमायसिन त्यांच्या एक पायरी खाली. टायजेसायक्लिन हे शिरेतून देण्याचं औषध टेट्रासायक्लिनच्याच कुळातलं. ते २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि वापरात आल्यानंतर त्याच्या माहितीपत्रकात हा धोका घातला गेला. टेट्रासायक्लिनच्या बाबतीत तर इशारा फार जुना आहे. १९६० च्या दशकात गरोदर स्त्रियांना ते शिरेतून मोठ्या मात्रेत दिलं जाई, तेव्हा यकृतात चरबी साचणं आणि त्याबरोबर स्वादुपिंडाचा दाह अशा घटना नोंदवल्या गेल्या होत्या.

पेनिसिलिनच्या गटातल्या, रोजच्या वापरातल्या औषधांबद्दलच्या नोंदी त्यामानाने अगदी तुरळक आहेत.

औषध आत जाऊन करतं काय?

एका औषधाबाबत याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ते सेफ्ट्रिॲक्झोन, बहुतेकदा शिरेतून दिलं जाणारं. शरीर त्याचा मोठा हिस्सा लघवीवाटे आणि उरलेला पित्तावाटे बाहेर टाकतं. पित्ताशयाचं काम पित्त आटवून घट्ट करण्याचं, त्यामुळे औषधही तिथं दाट होत जातं. कॅल्शियमशी त्याचं फार लवकर जमतं. दोघं मिळून न विरघळणारा क्षार तयार होतो आणि पित्ताशयाच्या तळाशी गाळ बसतो. पाण्याची टाकी बरेच दिवस उपसली नाही की तळाशी चुना साचतो, तसंच काहीसं. मात्रा मोठी असेल, रुग्णाच्या पोटात अन्न नसेल आणि शरीरात पाणी कमी असेल, तर हा गाळ बसण्याची शक्यता वाढते. लहान मुलांमध्ये तो अधिक दिसतो.

सोनोग्राफीत हा गाळ हुबेहूब खड्यांसारखा दिसतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही आणि औषध थांबलं की काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो आपोआप विरघळून जातो. ही माहिती फार कामाची आहे, कारण ती नसेल तर धडधाकट पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला मिळू शकतो. मात्र क्वचित हा गाळ निसटून त्या सामाईक तोंडाशी अडकतो, आणि मग पुढचं सगळं खऱ्या खड्यासारखंच घडतं.

बाकीच्या औषधांबाबत एवढं ठाम बोलता येत नाही. मेट्रोनिडॅझोलपासून पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू तयार होत असावेत असा अंदाज आहे. सल्फा औषधांमध्ये ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असावी. टेट्रासायक्लिनमध्ये यकृतातली आणि रक्तातली चरबी वाढणं ही एक वाट मानली जाते. एरिथ्रोमायसिन आतड्याच्या स्नायूंना चाळवतं हे नक्की, त्यामुळे नळीच्या तोंडाची झडप आवळत असेल, असंही मांडलं गेलंय. बहुतेक वेळा हे मात्रेवर अवलंबून नसतं. हजारो लोक तीच गोळी त्याच मात्रेत पचवतात आणि एखाद्यालाच ती बाधते.

कावळा बसला आणि फांदी तुटली

आता या विषयातला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. औषध घेतल्यानंतर दाह झाला, एवढ्यावरून औषधामुळे दाह झाला असं म्हणता येतं का? 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' हे आपण सहज बोलून जातो. इथे मात्र फांदी कावळ्याच्या भाराने मोडली की आधीच कुजलेली होती, हे शोधून काढावं लागतं, कारण त्यावर रुग्णाचे पुढचे उपचार ठरतात.

पहिला घोटाळा असा. एखाद्याला वरच्या पोटात अधूनमधून दुखतंय, मळमळतंय. पोटातला जंतुसंसर्ग समजून त्याला अँटिबायोटिक दिलं जातं. चार दिवसांनी कळ असह्य होते आणि तपासणीत स्वादुपिंडाचा दाह निघतो. वरवर पाहता आधी औषध, मग आजार. खरं तर पहिल्या दिवशीचं दुखणं पित्ताशयातल्या खड्याचंच होतं. आजार आधी आला, औषध मागून आलं, आणि नाव मात्र औषधावर पडलं.

दुसरा घोटाळा संसर्गाचा. गालगुंडाचा विषाणू, विषमज्वराचे जंतू, न्यूमोनिया करणारा मायकोप्लाझ्मा हे स्वतःच क्वचित स्वादुपिंडाला दाह देऊ शकतात. ताप आला म्हणून अँटिबायोटिक दिलं आणि नंतर दाह झाला, तर तो तापाच्या जंतूमुळे की औषधामुळे?

तिसरा घोटाळा सोबतच्या औषधांचा. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी दोन-तीन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी एकत्र दिली जाते. या घोळक्यातला दोषी कोण?

त्यासाठी डॉक्टर काही प्रश्न क्रमाने विचारतात. खडे, मद्य, ट्रायग्लिसराइड, कॅल्शियम ही कारणं तपासून बाजूला सारली का? औषध सुरू होणं आणि दुखणं सुरू होणं यांत पटण्याजोगं अंतर आहे का? औषध थांबवल्यावर दुखणं ओसरलं का? आणि शेवटचा, सगळ्यात निर्णायक प्रश्न : तेच औषध पुन्हा दिल्यावर दाह पुन्हा झाला का?

हा शेवटचा प्रयोग मुद्दाम कुणी करत नाही आणि करूही नये. पण काही वेळा तो नकळत घडलेला आहे. पहिल्या वेळी औषधाचा संशयच आला नाही, काही महिन्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी संसर्गासाठी तेच औषध दिलं गेलं आणि तीच कळ परतली. अशा नोंदींवरच औषधांची वर्गवारी झाली आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आजही वापरात असलेल्या वर्गवारीत, इतर कारणं वगळून झालेली आणि औषध पुन्हा दिल्यावर उलटलेली किमान एक घटना असेल, तरच औषध सगळ्यात वरच्या वर्गात बसतं. मेट्रोनिडॅझोल, टेट्रासायक्लिन, सल्फामेथॉक्झाझोल आणि आयसोनियाझिड त्या वर्गात आहेत. एरिथ्रोमायसिन दुसऱ्या वर्गात येतं. तिथं किमान चार घटना लागतात, आणि औषध व दाह यांतलं अंतर बहुतेकांत सारखं असावं लागतं. सगळ्यात खालच्या वर्गात एकेकट्या नोंदी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींमध्ये पाचशेहून अधिक औषधांवर या दाहाचा संशय घेतलेला आहे. दोष पक्का मानता येईल अशी औषधं त्यात तीसच्या आसपास. चिठ्ठीतल्या यादीत आणि पुराव्यात एवढं अंतर असतं.

'तिप्पट धोका' ऐकलं की

डेन्मार्कमध्ये सरकारी नोंदवह्या वापरून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मेट्रोनिडॅझोल घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत स्वादुपिंडाचा दाह होण्याचं प्रमाण, ते न घेणाऱ्यांच्या साधारण तिप्पट दिसलं. दिवस लोटत गेले तसं ते उतरत गेलं. हेलिकोबॅक्टरसाठीच्या इतर औषधांसोबत घेतलं असेल तर प्रमाण आणखी जास्त होतं.

तिप्पट म्हणजे भयंकर, असं वाटतं. पण कशाच्या तिप्पट? निरनिराळ्या देशांत वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण १३ ते ४५ जणांना हा दाह होतो. हिशेबाला सोपं म्हणून ३६ धरू. म्हणजे महिन्याला लाखात ३. याच्या तिप्पट म्हणजे लाखात ९. एक लाख लोकांनी औषध घेतलं तर त्या महिन्यात सहा जण वाढीव, साधारण सोळा-सतरा हजारांत एक. हा माझा ढोबळ हिशेब आहे, मोजलेला आकडा नव्हे. त्या सहांतलेही काही वर सांगितलेल्या घोटाळ्यांतले असणार, कारण पोटाचं दुखणं आहे म्हणूनच पुष्कळदा मेट्रोनिडॅझोल दिलं जातं.

चिठ्ठीतल्या शब्दांनाही ठरलेले अर्थ आहेत. शंभरात एक ते दहा जणांना होतं ते 'सामान्य', दहा हजारांत एक ते दहा जणांना होतं ते 'दुर्मिळ', आणि दहा हजारांत एकाहूनही कमी असेल तर 'अत्यंत दुर्मिळ'. 'प्रमाण अज्ञात' हा शब्द सगळ्यात जास्त घाबरवतो. त्याचा अर्थ एवढाच, की घटना नोंदवल्या गेल्यात पण एकूण किती लोकांमध्ये त्या झाल्या हे मोजता आलेलं नाही.

एवढ्या चाचण्या होतात, मग हे आधी कसं कळत नाही?

हा रास्त प्रश्न आहे. मंजुरीपूर्वी औषध काही हजार लोकांवर तपासलं जातं. संख्याशास्त्रात 'तीनचा नियम' म्हणून एक सोपा ठोकताळा आहे : क्ष लोकांत एखादी घटना एकदाही घडली नाही, तर ती खरोखर जास्तीत जास्त क्षमागे तीन इतकी असू शकते. म्हणजे ३,००० लोकांत एकालाही दाह झाला नाही, तरी हजारात एकापर्यंतचा धोका लपलेला असू शकतो. मग सोळा हजारांत एक कसा सापडावा? जाळ्याचं भोकच माशाहून मोठं आहे.

म्हणून असे धोके औषध लाखो लोकांपर्यंत पोचल्यावरच उघडे होतात, आणि तेही कुणी तरी नोंद केली तरच. गरोदरपणातल्या मळमळीवर दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइडच्या गोळ्यांमुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्यानंतर जगाला याची निकड कळली आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या दुष्परिणामांच्या नोंदी एकत्र करायला सुरुवात केली. ते काम आज स्वीडनमधल्या उप्साला शहरातून चालतं. एखाद्या रुग्णाने डॉक्टरांना सांगितलेली आणि डॉक्टरांनी कळवलेली एक घटना त्या ढिगात एकटी काहीच सिद्ध करत नाही. तशा वीस-पंचवीस जमल्या की शास्त्रज्ञ कान टवकारतात.

ही कळ ओळखायची कशी?

अँटिबायोटिकने पोट बिघडणं ही रोजची गोष्ट आहे. थोडी मळमळ, तोंडाची चव जाणं, पोटात मुरडा येऊन दोन-चार पातळ शौचाला होणं. हे येतं, जातं, खाल्ल्या-न खाल्ल्याने कमी-जास्त होतं. डॉक्सिसायक्लिनची गोळी कमी पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत चिकटून छातीत जळजळ करते. तेही त्रासदायक, पण वेगळं.

स्वादुपिंडाची कळ वरच्या पोटात, बेंबीच्या वर मधोमध किंवा थोडी डावीकडे उठते आणि थांबत नाही. तासन्‌तास टिकते, वाढत जाते. सुमारे निम्म्या रुग्णांत ती आरपार पाठीत गेल्यासारखी वाटते. उताणं झोपलं की वाढते, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसलं की जरा हलकं वाटतं. सोबत उलट्या असतात आणि उलटी होऊनही बरं वाटत नाही. त्यात ताप, धाप, छातीत धडधड, गुंगी किंवा डोळे पिवळे होणं यांतलं काही दिसलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावं. ॲसिडिटीची गोळी घेऊन बघू, असं म्हणत रात्र काढण्याची ही वेळ नव्हे.

तीन गोष्टींपैकी दोन जुळल्या की निदान होतं : अशा प्रकारची वेदना, रक्तात लायपेज किंवा अमायलेज निरोगी माणसातल्या कमाल पातळीच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये दिसणारे बदल. अमायलेज तीन-पाच दिवसांत उतरतं, लायपेज आठवडाभर किंवा अधिक रेंगाळतं. त्यामुळे उशिरा आलेल्या रुग्णात लायपेज जास्त कामाला येतं. उलट काही दुखत नसताना, नुसती धास्ती म्हणून या तपासण्या करून घेऊ नयेत. मूत्रपिंडाच्या विकारापासून लाळग्रंथीच्या सुजेपर्यंत अनेक कारणांनी हे आकडे थोडेफार वर जातात आणि नसत्या चिंतेला सुरुवात होते.

मग कोर्स सोडून द्यायचा का?

चिठ्ठी वाचून, नाही. ज्या आजारासाठी अँटिबायोटिक दिलं आहे तो अर्धवट राहण्याचा धोका या दुष्परिणामाच्या मानाने कितीतरी मोठा असतो. क्षयरोगात तर औषधं मनाने थांबवणं म्हणजे जंतूंना औषधाला न जुमानणारं बनवण्याची संधी देणं.

वर सांगितलेली कळ असेल, तर मात्र पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. संशयित औषध थांबवणं हा उपचाराचाच भाग आहे, पण त्याच्या जागी काय द्यायचं हे त्याच वेळी ठरावं लागतं. मूळ संसर्ग वाट पाहत थांबत नाही.

'अँटिबायोटिकमुळेच झालं असेल' असं म्हणून तपास तिथेच थांबवण्यात किती नुकसान आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या सोनोग्राफीत बारीक खडे पुष्कळदा सुटतात, कारण सूज आणि आतड्यातला वायू मधे येतात. औषधावर ठपका ठेवून रुग्णाला घरी पाठवलं आणि खडे आतच राहिले, तर दुसरा झटका पहिल्याहून जोरदार येऊ शकतो. शिवाय एक उपयोगी औषध त्या माणसाला जन्मभरासाठी वर्ज्य होऊन बसतं. म्हणून बरं झाल्यावर सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी, गरज पडली तर पोटात दुर्बीण घालून आतून करायची सोनोग्राफीही. ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियम पाहावं. मद्याबद्दल विचारलं तर खरं सांगावं. डॉक्टर ते चारित्र्य तपासायला विचारत नाहीत.

ज्याने दुखणं आणलं, तेच औषध पुन्हा?

नातेवाईक गोंधळतात तो प्रसंग असा. रुग्ण अँटिबायोटिकमुळे झालेल्या दाहाने दाखल आहे, आणि दोन आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा अँटिबायोटिकच सुरू करतात.

यात विसंगती नाही. सुरुवातीचा दाह जंतूंमुळे झालेला नसतो, म्हणून तेव्हा 'खबरदारी म्हणून' अँटिबायोटिक देऊ नये असंच आता मानलं जातं. तेव्हाचा उपचार म्हणजे शिरेतून बेताचं सलाइन, वेदनाशामक आणि झेपेल तितक्या लवकर तोंडाने अन्न. पूर्वी दिवसच्या दिवस उपाशी ठेवत, सलाइनचा मारा करत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत भरमसाट सलाइनने फायदा तर झाला नाहीच, उलट शरीरात पाणी साचण्याचा त्रास वाढला. मात्र स्वादुपिंडाचा काही भाग निर्जीव झाला आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी त्यात जंतू शिरले, तर अँटिबायोटिकशिवाय गत्यंतर नसतं. त्या निर्जीव भागापर्यंत चांगली पोचणारी मोजकीच औषधं आहेत. त्यांत मेट्रोनिडॅझोलही येतं. ज्याला त्याचाच त्रास झाला आहे त्याला अर्थात दुसरं दिलं जातं. एका औषधाचा दोष सगळ्या अँटिबायोटिकना लागत नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांना काय सांगाल?

'मला अँटिबायोटिक सोसत नाही' हे वाक्य डॉक्टरांच्या काही कामाचं नाही. सगळी दारं बंद करणारं हे वाक्य एखाद्या गंभीर संसर्गात रुग्णाच्याच मुळावर येऊ शकतं. औषधाचं दुकानातलं नाव सांगूनही भागत नाही, कारण एकच औषध शंभर नावांनी विकलं जातं आणि जोडगोळ्यांमध्ये दुसऱ्या नावाआड दडलेलं असतं. वेष्टनावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ घटकाचं नाव उतरवून घ्यावं. गोळी कधी सुरू केली, कळ कितव्या दिवशी आली, लायपेज किती होतं, खडे होते की नव्हते, आणि सोबत दुसरी कोणती औषधं चालू होती, हे एका कागदावर लिहून तो कागद रुग्णालयातून मिळालेल्या डिस्चार्ज कार्डाला टाचून ठेवावा. मोबाइलमध्ये त्याचा फोटो असावा आणि घरातल्या आणखी एकाला तो कुठे आहे हे माहीत असावं. पुन्हा कधी कळ आलीच, तर बोलायचं त्राण बहुधा रुग्णाच्या अंगात नसतं.